रक्तपिपासूला क्षमा आहे का?



'शाकाहारी' हा शब्द आपल्या तोंडी दिवसातून किती वेळा येतो, मोजायला बसलं तर बोटं पुरणार नाहीत. हॉटेलात, रेल्वेत, केकच्या दुकानात, मुलांच्या सहलीच्या फॉर्मवर. पण हाच शब्द आपल्या मुली आजकाल भलत्याच ठिकाणी वाचतात. स्टेफनी मेयर या अमेरिकन लेखिकेची 'ट्वायलाइट' ही कादंबरी २००५ साली आली. तिच्यात कलन नावाचं एक कुटुंब आहे. सगळे व्हॅम्पायर, म्हणजे दुसऱ्याचं रक्त पिऊन जगणारे आणि म्हातारे न होणारे. पण या कुटुंबाने माणसाचं रक्त सोडलंय. ते रानातल्या जनावरांचं रक्त पितात आणि स्वतःला गमतीने 'शाकाहारी' म्हणवतात!

हसलात ना? हसण्यासारखंच आहे. हरणाचं रक्त पिऊन शाकाहारी! जुन्या गोष्टींमधले व्हॅम्पायर तर सूर्य मावळला की जेवायला बाहेर पडायचे. आपला चौविहार सुरू होतो त्या वेळेला यांची पंगत बसणार.

पण हसून झालं की थोडं थांबूया. या पुस्तकांमध्ये दात, रक्त, अंधार हे सगळं वरवरचं आहे. आत एकच प्रश्न आहे: ज्याच्या हातून घोर पाप घडलं त्याला परत येता येतं का, आणि त्याला क्षमा कोणी करायची? संवत्सरीला किंवा क्षमावाणीला हात जोडताना आपल्यासमोर हाच प्रश्न असतो. माझं मत आधीच सांगून टाकते. मुलींच्या हातातून ही पुस्तकं काढून घेऊ नका, पण ती त्यांना एकट्याने वाचू देऊ नका. क्षमेबद्दल ही पुस्तकं निम्मं खरं सांगतात. उरलेलं निम्मं आपल्या पुराणांत आणि आगमांत आहे, आणि ते मुलींपर्यंत पोचलं नाही तर त्यांचं नुकसान होऊ शकतं.

खुंटीपासून पश्चात्तापापर्यंत

ज्यांनी यातलं काही वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' १८९७ सालची. त्यातल्या रक्तपिपासूला पश्चात्ताप नाही. त्याला शोधायचं आणि कायमचं संपवायचं, एवढंच. मराठीत नारायण धारपांची 'लुचाई' वाचून ज्यांची झोप उडाली होती त्यांनाही हा हिशोब माहीत आहे. पुढे १९७६ साली ॲन राइस यांच्या 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर'मध्ये रक्त पिताना मनात कुढणारा व्हॅम्पायर आला. मग मुलामुलींसाठी लिहिणाऱ्यांनी तो धागा उचलला. एल. जे. स्मिथ यांची 'द व्हॅम्पायर डायरीज' १९९१ साली सुरू झाली, नंतर 'ट्वायलाइट', नंतर २००७ साली रिशेल मीड यांची 'व्हॅम्पायर अकॅडमी'. 'डायरीज'वर २००९ पासून मालिका आली, आणि २०१० साली आपल्या स्टार वनवर 'प्यार की ये एक कहानी' लागली. आज तिशीत असलेल्या कितीतरी जणी तेव्हा अभ्यास सोडून ती बघत होत्या.

म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांत गोष्ट किती बदलली बघा. ज्याच्या छातीत खुंटी ठोकायची तो आता विचारतो आहे, मला चांगलं होता येईल का? पश्चिमेकडच्या गोष्टीला इथवर यायला वेळ लागला. आपल्याकडे ही गोष्ट फार जुनी आहे. महावीर स्वामींच्या पूर्वभवांतला सिंह आठवा. हरीण मारून खात असताना दोन चारण मुनी आकाशमार्गाने त्याच्यासमोर उतरतात आणि त्याला त्याचे मागचे भव सांगतात. तोंडाला रक्त लागलेल्या त्या सिंहाच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागतात. तो हिंसा सोडतो, मग आहारही सोडतो. तोच जीव पुढे वर्धमान होऊन जन्माला येतो. त्या सिंहाला कोणी मारायला गेलं नाही, समजावायला गेलं.

कावळ्याच्या मांसाचा नियम

आता त्या 'शाकाहारी' कुटुंबाकडे वळू. कार्लाइल हा त्यांचा कर्ता. सतराव्या शतकातल्या लंडनमधल्या पाद्र्याचा मुलगा. व्हॅम्पायर झाल्यावर त्याला स्वतःची इतकी घृणा वाटते की तो जीव द्यायला बघतो. ते जमत नाही. भुकेने वेडापिसा झालेला असताना जवळून हरणांचा कळप जातो, तो त्यांच्यावर तुटून पडतो आणि त्याला कळतं की माणसाला न मारताही जगता येतं. पुढे तो डॉक्टर होतो. रोज जखमा शिवतो, रोज रक्त समोर असतं. भूक असतेच, पण तो तिचं ऐकत नाही.

यावर आपलं काय म्हणणं? मला खदिरसाराची कथा आठवते. खदिरसार हा रानात राहणारा भिल्ल शिकारी. मुनी त्याला मांस सोडायला सांगतात. तो म्हणतो, महाराज, ते माझ्याने होणार नाही. मुनी विचारतात, कावळ्याचं मांस कधी खाल्लंस? नाही. मग तेवढं तरी सोड. इतका सोपा नियम! पण पुढे तो आजारी पडतो, वैद्य कावळ्याचं मांसच औषध म्हणून सांगतो, सगे-सोयरे आग्रह करतात, आणि खदिरसार प्राण जाईपर्यंत नियम मोडत नाही. हाच जीव पुढे राजा श्रेणिक झाला.

कलन कुटुंबाचं व्रत मला या कावळ्याच्या मांसाच्या नियमासारखं वाटतं. त्याला शाकाहार म्हणू नये. हरीणसुद्धा पंचेंद्रिय जीव आहे, आणि त्याची बाजू त्या पुस्तकात कोणीही मांडत नाही. मुलींना हे जरूर दाखवून द्या. पण त्याबरोबर हेही सांगा की लहान नियमाची थट्टा करायची नसते. नियम मोठा की लहान हे घेताना कळत नाही, पाळायची वेळ येते तेव्हा कळतं. अठ्ठाई केलेल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. सहाव्या दिवशी शेजारच्या स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येतो तेव्हा आपण काय करतो, तेच कार्लाइल दवाखान्यात रोज करतो.

आत्मा हरवतो का?

मालिकेतल्या दुसऱ्या पुस्तकात, 'न्यू मून'मध्ये (२००६), एक प्रसंग आहे. नायिका बेलाच्या हाताला काच लागते, कार्लाइल टाके घालतो आणि घालता घालता तिच्याशी बोलतो. त्याचा मानलेला मुलगा एडवर्ड हा बेलाचा प्रियकर. एडवर्डची खात्री आहे की व्हॅम्पायर झाल्यावर आपला आत्मा गेला, आता आपल्याला पुढे काही नाही. म्हणून तो बेलाला आपल्यासारखं करायला तयार नाही. कार्लाइलला मात्र आशा आहे.

मला हा प्रसंग सगळ्या मालिकेत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यांच्या भांडणाचं उत्तर आपल्या पाठशाळेतल्या पहिलीच्या मुलालाही ठाऊक असतं. जीवाचा अजीव होत नाही. निगोदात असो, नरकात असो, सिद्धशिलेवर असो, जीव तो जीवच. कर्मांनी तो झाकला जातो, खाणीतलं सोनं मातीत असतं तसा. तो हरवत नाही, विकला जात नाही, मरत नाही. म्हणून आपल्याकडे कोणालाही 'राक्षस' म्हणून कायमचं बाजूला काढता येत नाही.

पण खरं सांगा, आपण व्यवहारात असं वागतो का? आमच्या ओळखीत एक मुलगा आहे. मोबाइलवरच्या जुगारात वडिलांच्या दुकानाचे पैसे घालवले. घर सोडून गेला. दोन वर्षांनी परत आला, आता दुसऱ्याच्या दुकानात नोकरी करतो आणि दर महिन्याला वडिलांच्या हातात थोडे थोडे पैसे ठेवतो. तो मंदिरात आला की आपल्यातल्याच काही जणी एकमेकींच्या कानाला लागतात: 'हाच तो, वाया गेलेला.' वाया गेलेला! ज्या घरात 'जीव अविनाशी आहे' हे रोज ऐकलं जातं त्या घरातल्या बाईने हा शब्द वापरावा? एडवर्ड स्वतःबद्दल जे म्हणतो तेच आपण त्या मुलाबद्दल म्हणतो, की याचा आत्मा गेला.

प्रेमाने सगळं धुऊन निघतं?

आता या पुस्तकांची जी बाजू मला खटकते तिच्याकडे येते.

माझी भाची बारावीला आहे. सुट्टीत आम्ही दोघींनी मिळून यातली बरीच पुस्तकं वाचली, मालिकाही पाहिली. 'व्हॅम्पायर डायरीज'मधला डेमन तिचा लाडका. हा डेमन माणसं मारतो. एकदा तर रागाच्या भरात नायिका एलेनाच्या धाकट्या भावाची मान मोडतो. भावाच्या बोटात मंतरलेली अंगठी असते म्हणून तो वाचतो. पुढे एलेना डेमनवरच प्रेम करते. भाची मला म्हणाली, "मावशी, एलेनाने त्याला माफ केलं ना? मग झालं की. बाकीच्यांचा काय संबंध?"

मी तिला विचारलं, "आणि जे मेले त्यांच्या आयांचं काय गं?"

ती गप्प झाली. कारण पुस्तकं हे विचारतच नाहीत. तिथे एका मुलीने प्रेम केलं की मागचं सगळं धुऊन निघतं. जिचा अपराध झाला ती वेगळी आणि माफ करणारी वेगळी. आपण 'मिच्छामि दुक्कडम' म्हणतो, माझं दुष्कृत मिथ्या होवो म्हणतो, ते ज्याला दुखावलं त्याच्यासमोर. नणंदेला दुखावून शेजारणीची क्षमा मागितली तर ती क्षमावाणी होत नाही. आणि तीनशे जणींना एकच फोटो पाठवून नेमकी ती एक नणंद वगळली, तरीही होत नाही.

बरं, जिचा अपराध केला तिने क्षमा केली तरी सगळं संपलं का? इथे श्रेणिकाची कथा वाचायला हवी. पंधराव्या शतकात ब्रह्म गुणदासांनी श्रेणिकाचं चरित्र मराठीत लिहिलं, इतकी ही कथा आपल्याकडे जुनी आणि आवडती. राजा श्रेणिक ध्यानस्थ यशोधर मुनींच्या गळ्यात मेलेला साप टाकतो आणि घरी येऊन राणी चेलनेला फुशारकीने सांगतो. चेलना 'जाऊ द्या हो' म्हणत नाही. तुम्ही फार मोठं पाप केलंत, असं ती नवऱ्याच्या तोंडावर सांगते आणि त्याला घेऊन तिथे जाते. मुनींच्या अंगावर मुंग्या चढलेल्या असतात. ती जमिनीवर साखर ठेवते, मुंग्या आपोआप उतरतात, साप दूर होतो. मुनी डोळे उघडतात आणि साप टाकणाऱ्या राजाला आणि तो काढणाऱ्या राणीला सारखाच आशीर्वाद देतात. श्रेणिक तिथेच विरघळतो.

क्षमा त्या क्षणी मिळाली. तरी श्रेणिकाच्या नरकाचा बंध सुटला नाही. सातव्या नरकाचा पहिल्यावर आला, काळ कमी झाला, पण चौऱ्याऐंशी हजार वर्षं भोगावीच लागणार. आणि हाच श्रेणिक येत्या चौविसीतला पहिला तीर्थंकर होणार! दोन्ही गोष्टी एकाच जीवाच्या. म्हणजे आपल्याकडे खाती दोन आहेत. क्षमा करणाऱ्याचं एक: राग सोडला की त्याचा भार उतरला. करणाऱ्याचं दुसरं: ते त्याचं त्यानेच फेडायचं. चेलनेचं प्रेमसुद्धा ते फेडू शकलं नाही. तिने नवऱ्याला आरसा दाखवला, पुढची वाट त्याने चालली.

हे मुलींना सांगणं किती गरजेचं आहे ते बघा. 'ट्वायलाइट'मध्ये एडवर्ड रात्री बेलाच्या खोलीत तिला न कळवता येतो आणि तिला झोपलेली बघत बसतो. पुस्तकात याला प्रेम म्हणतात. आपल्या सिडकोत कोणी असं केलं तर आपण पोलिसांत जाऊ. सोळा-सतरा वर्षांची मुलगी वाचते की तो धोकादायक आहे, पण माझ्यामुळे तो बदलेल. हेच वाक्य मनात धरून किती मुली लग्नाला उभ्या राहतात आणि किती जणी नंतर अंगावरचे वळ पदराखाली झाकतात! 'मी त्याला बदलेन' हे वाक्य आपल्या कथांमध्ये मला सापडत नाही. तिथे बदलणारा स्वतः बदलतो, समोरचा फक्त निमित्त असतो.

ज्याने मारलं, तो परत आला तेव्हा

या सगळ्या पुस्तकांत मला जवळचं वाटतं ते एक पात्र 'व्हॅम्पायर अकॅडमी'मधलं आहे. दिमित्री हा रक्षक, सरळ आणि शिस्तीचा. तो शत्रूंच्या तावडीत सापडतो, त्याला क्रूर व्हॅम्पायर केलं जातं आणि त्या अवस्थेत तो माणसं मारतो. पाचव्या पुस्तकात, 'स्पिरिट बाउंड'मध्ये (२०१०), एक मैत्रीण मंतरलेल्या शस्त्राने त्याला पुन्हा पहिल्यासारखा करते. आता आनंदीआनंद व्हायला हवा. पण दिमित्रीला आपण केलेलं सगळं आठवतं. तो स्वतःला क्षमा करू शकत नाही. ज्या मुलीवर त्याचं प्रेम होतं तिलाही तो जवळ येऊ देत नाही. आणि आजूबाजूचे लोक विचारतात, हा खरंच बदलला कशावरून?

हा प्रश्न राजगृहीच्या लोकांनीही विचारला होता. स्थानकात पर्युषणाच्या दिवसांत अंतगड सूत्र ऐकणाऱ्या बायकांना अर्जुनमाळी माहीत आहे. सहा गुंडांनी त्याला बांधून त्याच्यासमोर त्याच्या बायकोवर अत्याचार केला. त्याने ज्या यक्षाची पूजा केली होती त्याला हाक मारली, यक्ष त्याच्या अंगात शिरला. त्या सहांना आणि बायकोलाही त्याने मारलं, आणि मग रोज सहा पुरुष आणि एक स्त्री असे जीव घेत सुटला. नगराचे दरवाजे बंद झाले. भगवान महावीर बाहेर उद्यानात आले तेव्हा दर्शनाला निघायची हिंमत फक्त सुदर्शन श्रावकाने केली. अर्जुन धावून आला, सुदर्शन व्रत घेऊन शांत उभा राहिला, यक्ष निघून गेला आणि अर्जुन जमिनीवर कोसळला. सुदर्शन त्याला भगवंतांकडे घेऊन गेला. अर्जुनाने दीक्षा घेतली.

कथा इथे संपली असती तर ती या कादंबऱ्यांसारखीच झाली असती. पण आगम पुढे जातं. अर्जुन मुनी गोचरीसाठी त्याच राजगृहीत जातात. लोक म्हणतात, याने माझ्या बापाला मारलं, याने माझ्या आईला मारलं, बहिणीला, मुलाला. कोणी शिव्या देतं, कोणी मारतं. कधी अन्न मिळालं तर पाणी मिळत नाही. अर्जुन मुनी एकदाही म्हणत नाहीत की मला भगवंतांनी स्वीकारलंय, आता तुम्हीही क्षमा करा. ते सहन करतात. सहा महिन्यांच्या साधनेनंतर ते मोक्षाला जातात.

ज्यांची माणसं गेली त्यांच्या रागाला आगमाने खोटं ठरवलं नाही, हे मला फार मोठं वाटतं. परत आलेल्याचं खरेपण यात आहे की तो क्षमा हक्काने मागत नाही. नवरा संध्याकाळी हात उगारतो आणि सकाळी म्हणतो, 'सॉरी म्हटलं ना, आता आणखी काय?' तिथे पश्चात्ताप नाही. आणि तो दुकानाचे पैसे घालवलेला मुलगा मान खाली घालून, कुजबुज ऐकत, दर महिन्याला पैसे ठेवतो, तिथे आहे.

वेरूळच्या भिंतीवर दोन भाऊ

आता क्षमा करणाऱ्याची बाजू. तिच्यासाठी आपल्याला लांब जायला नको. वेरूळची तीस ते चौतीस क्रमांकाची लेणी आपली. पाहुणे आले की आपण त्यांना कैलास दाखवतो आणि ऊन वाढलं म्हणून परत फिरतो. पुढच्या वेळी बत्तिसाव्या लेण्यापर्यंत, इंद्रसभेपर्यंत, मुलींना घेऊन जा. एका बाजूला पार्श्वनाथ उभे आहेत, डोक्यावर नागाची फणा. चारी बाजूंनी हल्ला होतोय, कोणी रेड्यावर बसून, कोणी सिंहावर बसून चालून आलंय. आणि खाली हात जोडलेल्या आकृती आहेत. शेवटी शरण आलेला कमठ तो हाच, असं मानतात. समोरच्या बाजूला वेलींनी वेढलेले बाहुबली. एकीकडे भावाने दहा भव चालवलेलं वैर, दुसरीकडे राज्यासाठी चक्र सोडणारा भाऊ. ज्यांनी हे दगडात कोरलं त्यांना घरातली भांडणं चांगली ठाऊक असावीत.

कमठाची सुरुवात आठवा. पहिल्या भवात कमठ आणि मरुभूती सख्खे भाऊ. कमठाने मरुभूतीच्या बायकोशी दुराचार केला, राजाने त्याला हाकलून दिलं. मरुभूतीचं मन मऊ. राजा नको म्हणत असताना तो भावाची समजूत घालायला रानात गेला, पाया पडायला वाकला, आणि कमठाने हातातली शिळा त्याच्यावर टाकली.

या प्रसंगावर आपण पुरेसं बोलत नाही. मरुभूतीची क्षमा खरी होती, पण कमठ बदललेला नव्हता. सासरहून मार खाऊन आलेल्या मुलीला समाजातली चार मोठी माणसं सांगतात, 'आपण जैन आहोत बाळा, क्षमा कर आणि परत जा.' तेव्हा मला मरुभूतीच्या डोक्यावरची शिळा दिसते. क्षमा मनातून करायची असते. ती करण्यासाठी दगडाखाली वाकावं लागत नाही.

शेवटच्या भवात काय झालं तेही बघा. पार्श्वनाथांच्या मनात कमठाबद्दल राग नव्हता. तरीही धरणेंद्र आणि पद्मावती आले. धरणेंद्राने फणा पसरली, पद्मावतीने छत्र धरलं. कमठाला कोणी मारलं नाही, आणि पार्श्वनाथांवर पाऊस पडू दिला नाही. क्षमा आणि रक्षण एकाच शिल्पात आहेत. आपल्या मुलींसाठी आपण निदान ती फणा तरी व्हावं.

दूर ठेवणं आणि परत घेणं

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात प्रायश्चित्ताचे नऊ प्रकार सांगितले आहेत. सुरुवात आलोचनेने, म्हणजे गुरूंसमोर दोष उघड सांगण्याने. शेवटच्या दोनांकडे मला तुमचं लक्ष वेधायचं आहे: परिहार आणि उपस्थापना. परिहार म्हणजे ठरावीक काळ संघापासून दूर ठेवणं. उपस्थापना म्हणजे पुन्हा नव्याने दीक्षा देऊन आत घेणं. हे नियम साधूंसाठी आहेत, पण त्यातलं शहाणपण संसारालाही लागू पडतं. दूर ठेवणं हा सूड नाही, तो प्रायश्चित्ताचाच भाग आहे. आणि दूर ठेवलेल्याला परत घ्यायची वाटही त्याच यादीत, त्याच्या पुढच्याच पायरीवर आहे.

मार खाल्लेली मुलगी माहेरी राहिली तर तिने क्षमा मोडली असं होत नाही. तिने परिहार केला. आणि तो परत आलेला मुलगा वर्षानुवर्षं नीट वागतोय, तरी आपण त्याला पंगतीत वाढायला बोलावत नसू, तर उपस्थापना करायची राहिली ती आपल्याकडून.

कचनेरच्या चिंतामणी पार्श्वनाथांची कथा आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मूर्तीचं शिर वेगळं झालं, लोक ती विसर्जित करून नवी बसवणार होते. मग दृष्टांत झाला, मूर्ती तुपात आणि साखरेत सात दिवस बंद ठेवली आणि शिर सांधलं गेलं, असं सांगतात. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला चालत जाताना या कथेचा हा अर्थही मुलींना सांगा: तुटलेलं टाकून द्यायचं नसतं, पण ते जुळायला बंद दाराआड सात दिवस द्यावे लागतात. पहिल्याच दिवशी दार उघडून 'जुळलं का?' विचारायचं नसतं.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलगी रात्री उशिरापर्यंत व्हॅम्पायरची कादंबरी वाचत बसली तर दिवा मालवू नका. दुसऱ्या दिवशी तिच्याजवळ बसून तीन गोष्टी विचारा. याने ज्यांना दुखावलं त्यांच्यासमोर हा कधी उभा राहिला का? क्षमा मिळाली नाही तरी हा चांगलं वागत राहिला असता का? आणि ही मुलगी त्याच्यावर प्रेम करते ते सुरक्षित जागी उभी राहून, की दगडाखाली वाकून? तिने ही तीन उत्तरं शोधायची सवय लावून घेतली, तर स्थळ बघतानाही तिला ती उपयोगी पडेल.

आणि अनंत चतुर्दशीनंतर क्षमावाणी येईल तेव्हा मोबाइल थोडा वेळ बाजूला ठेवा. ज्या एका माणसाला दुखावलं आहे त्याच्या घरी जा. ज्याच्यापासून धोका आहे त्याला घरी बसूनच, मनातून क्षमा करा. आणि जो परत आला आहे, गुपचूप फेडतो आहे, त्याला तुमच्या स्वयंपाकघरातली एखादी बादली उचलायला सांगा. पंगतीत वाढू द्या.

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.